पुढे सरका, जागा आहे

नोकरी सुटली तरी माणसाच्या अंगातून उतरायला तिला फार वेळ लागतो. आमच्या समोरच्या दारातले कंडक्टर निवृत्त झाले त्याला आता बरेच दिवस झाले. तरी बोलता बोलता त्यांचा डावा हात वर जातो आणि नसलेला दांडा पकडतो. घरात चालतात तेसुद्धा पाय जरा फाकवून, फरशी केव्हाही ब्रेक मारेल अशा बेताने. आईबापांनी त्यांना काहीतरी नाव दिलं असेलच, पण सगळा जिना त्यांना कंडक्टर म्हणतो आणि ते ओ देतात.

त्यांच्या जमेला एक मोठी गोष्ट आहे आणि ती ते न विचारता ऐकवतात. "उभ्या नोकरीत थांब्यावर माणूस सोडला नाही. गाडी फुटायला आली तरी नाही. पुढे सरका, पुढे सरका, जागा आहे! सरकतात हो माणसं. सांगणारा पाहिजे."

"हो ना," वहिनी शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणतात. "सगळ्या जगाला जागा करून दिली. घरी मात्र स्वतः आले ते उभ्याउभ्या."

वहिनी म्हणजे त्यांची बायको. शाळेचे गणवेश शिवणं हा त्यांचा खरा धंदा. आमच्यासारख्यांच्या विजारी आखूड करणं त्या उपकारखात्यात टाकतात. घरात तिसरं माणूस म्हणजे आक्का, कंडक्टरांची थोरली बहीण. त्यांना ऐकू कमी येतं. दिसतं मात्र नको तेवढं.

डेपोने निरोपाला कंडक्टरांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ द्यायचं, हा हिशेब मला आजवर उलगडलेला नाही. ते त्यांनी पुढच्या खोलीत लावलं आणि त्याच्याखाली एक खुर्ची टाकली. खुर्चीत बसून पहिले काही दिवस ते नुसते खाली-वर पाय हलवत राहिले. मग एक दिवस उठले, बाजारात गेले आणि काचेची टाकी घेऊन आले. पुढची खोली आणि वहिनींचा शिवणकोपरा यांच्यामध्ये एक बुटकं कपाट आहे. पूर्वी त्याच्यावर पडदा असायचा. पडदा गेला आणि टाकी आली.

व्यवस्था उत्तम होती. इकडे खिडकीशी वहिनींचं मशीन, मध्ये टाकी, पलीकडे घड्याळ. मशीन चालवता चालवता वहिनी नजर उचलायच्या आणि पाण्यातून वेळ बघायच्या. काट्यावरून एखादा मासा गेला तर एवढंच म्हणायच्या, "थांब रे बाबा, वाजले किती ते बघू दे."

मासे होते साधे गप्पी. टाकी विकणाऱ्या मासेवाल्याने शपथेवर सांगितलं होतं, "सगळ्या माद्या आहेत. वाढायची भीतीच नाही." थोड्याच दिवसांत पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे डोळे पोहायला लागले. कंडक्टर तक्रार घेऊन गेले तर तो शांतपणे म्हणाला, "मग येतानाच पोटुशा असतील. गप्पीचं असंच असतं. एकदा नर भेटला की मादी पुढची कित्येक बाळंतपणं त्याच्याशिवाय उरकते."

"कामाची बाई आहे," वहिनी म्हणाल्या.

कंडक्टर मात्र खूश झाले. पिल्लांना ते अर्धी तिकिटं म्हणायला लागले. मोठे मासे पिल्लं गिळतात हे कळल्यावर त्यांनी आत गवत सोडलं आणि लपायला मडक्याचे तुकडे ठेवले. गिळली गेली असती तर टाकीचा ताळेबंद आपोआप जुळला असता. पण थांब्यावर माणूस न सोडणारा हा गृहस्थ एक अर्धं तिकीटही सोडेना. पिल्लांना पिल्लं झाली. टाकीत मासा वळायचा म्हटलं तर दुसऱ्याला आधी सांगावं लागेल अशी गत झाली.

मग काचेवर शेवाळ आलं. आधी कोपऱ्यात, मग गवतावर केसासारखं, शेवटी पाणीच हिरवं. कंडक्टर मासेवाल्याकडे गेले. या माणसाच्या दुकानात प्रत्येक दुखण्यावर इलाज आहे आणि प्रत्येक इलाजाला कल्ले आहेत. त्याने आधी शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई दिल्या. त्यांनी शेवाळापेक्षा गोगलगाई जास्त केल्या. मग काच चाटणारा मासा दिला, दुकानात बोटाएवढा असलेला. बघता बघता तो वहिनींच्या कात्रीएवढा झाला. शेवाळाला तोंड लावीना, दाणे पडले की सगळ्यांच्या आधी वर. कंडक्टरांनी त्याचं नाव ठेवलं चेकर.

"अगदी तोच स्वभाव," ते जुन्या रागाने म्हणायचे. "मागच्या सीटवर पसरायचं, डोळे वटारायचे, काम शून्य. आणि घाण करायला सगळ्यांत पुढे."

मी विजार आखूड करायला घेऊन गेलो तेव्हा प्रकरण या मुक्कामाला आलं होतं.

"कधी नेऊ वहिनी?"

"मला काय विचारता? घड्याळाला विचारा. दिसतंय?"

मी वाकून बघितलं. पलीकडे घड्याळ आहे हे माहीत होतं म्हणून तिथे काहीतरी गोल आहे असं वाटलं. पाणी हिरव्या बाटलीच्या काचेसारखं झालं होतं. मधूनच एखादी शेपटी चमकायची आणि गर्दीत नाहीशी व्हायची.

"भाजीवालीला बोलवा," मी म्हटलं. "जुडीचा भाव तरी करेल."

"हसा," कंडक्टर खुर्चीतून म्हणाले. त्यांचा आवाज आला, ते दिसले नाहीत. "अगं, एवढं काय त्यात? घड्याळ तुझ्या बाजूच्या भिंतीवर लावतो. एक खिळा तर ठोकायचा."

वहिनींची कात्री कापडात मध्येच थांबली. "घड्याळ आहे तिथंच राहील."

"का पण?"

"खिळ्याने गिलावा पडतो."

त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर मापाच्या फिती, कागदी नमुने आणि अर्धे शिवलेले गणवेश लटकत होते, ते सगळे खिळ्यांवरच. मी भिंतीकडे बघितलं, वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि मी माझ्या विजारीकडे बघितलं.

"ऐका हो," त्या टाकीच्या वरून बोलल्या. "शाळा उघडायच्या आत मला इथून घड्याळ दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर टाकी कोपऱ्यावरच्या दातवाल्या डॉक्टरांकडे जाईल. ते दोनदा मागून गेलेत. बाहेर बसलेल्या पेशंटांना बघायला हवीय म्हणे."

"तिथं?" कंडक्टर उठूनच उभे राहिले. "तिथले लोक आधीच गाल धरून बसलेले. त्यांना काय दिसणार मासे?"

"इथल्यांना तरी कुठं दिसतायत?"

आक्कांना यातलं किती ऐकू गेलं कुणास ठाऊक. पण त्या पदर खोचत म्हणाल्या, "धुवून काढू या सगळं. मी आहे ना."

आक्का 'मी आहे ना' म्हणाल्या की घरातल्या वस्तूंनी घाबरायचं असतं. दुसऱ्या दिवशी मासे बादल्यांत गेले. कंडक्टरांनी काच खरवडली, तळाचे खडे चाळणीत घेऊन नळाखाली घोळले, सगळं पाणी ओतून नवं भरलं. फिल्टरमधला स्पंज काळाकुळकुळीत झाला होता. आक्कांनी तो गरम पाण्यात साबण घालून उकळला, धोपटला आणि दोरीवर चिमटा लावून वाळत घातला. इतका पिवळाधमक की विकत घेतला तेव्हाही तसा नव्हता.

सकाळी वहिनी मशीनवर बसल्या, नजर उचलली आणि मोठ्याने म्हणाल्या, "दहाला पाच कमी!" आक्कांना ते दोनदा ओरडून सांगावं लागलं, मग त्याही हसल्या. कंडक्टर मला मुद्दाम बोलवायला आले. पाणी कुठं संपतं आणि हवा कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. पलीकडच्या खुर्चीत बसून त्यांनी मला हात हलवून दाखवला.

हा नफा फार दिवस टिकला नाही. पाणी हिरवं झालं नाही, दुधट झालं. पीठ कालवल्यासारखं. आणि सगळे मासे पृष्ठभागाशी आले. मुंड्या वर, तोंडं उघडी. भरलेल्या गाडीत घुसमटलेला माणूस खिडकीशी तोंड नेतो ना, तसे. कंडक्टरांनी ते दृश्य एवढ्या वर्षांत हजारदा बघितलं असेल, पण कधी समोरून नाही.

संध्याकाळी एक मादी आडवी झाली. पहिल्या खेपेतली, फाटक्या शेपटीची. रोज ठरल्या वेळी ठरल्या कोपऱ्यात येते म्हणून तिला ते पासवाली म्हणायचे. त्यांनी तिला चमच्याने उचललं आणि खिडकीतल्या कुंडीत पुरलं.

"माझ्या गाडीत आजवर..." ते म्हणाले. वहिनींनी मशीन थांबवलं. त्या दिवशी दातवाल्यांचं नाव कुणी काढलं नाही. पण टाकी गेली तर हा माणूस परत नुसते पाय हलवत बसेल, हे माझ्या लक्षात आलं. वहिनींच्या तर माझ्या आधी आलं असणार.

मासेवाल्याकडे मी सोबत गेलो.

"स्पंज धुतला?" त्याने विचारलं. "साबणाने? उकळून?" त्याने कपाळावर हात मारला. बसच्या कंडक्टरला लोक मास्तरच म्हणतात, तसा तोही म्हणायचा. "मास्तर, तो मळ नव्हता. माशांची घाण पचवणारे जीव त्यात राहतात. तुम्ही सगळं घरदारच धुवून टाकलंत. टाकीतलंच काढलेलं पाणी घ्यायचं आणि त्यात स्पंज नुसता पिळायचा. पाणीही सगळं नाही बदलायचं. थोडं काढायचं, तेवढंच शिळं पाणी घालायचं. आणि खाणं किती वेळा?"

"सकाळी एकदा. चिमूटभर."

"ऊन?"

कंडक्टर माझ्याकडे बघायला लागले. शिवणकोपऱ्याची खिडकी वहिनी उघडी टाकतात, सुईला उजेड लागतो म्हणून. दुपारभर ते ऊन टाकीच्या पाठीवर पडतं.

"आणि मासे किती आहेत?"

"आहेत आपले. सरकून घेतात."

मासेवाला हसला. लबाड माणूस हसला की समजावं, आता खरं बोलणार. "मास्तर, तुमच्या गाडीत एवढी माणसं मावायची कशी?"

"सांगणारा पाहिजे."

"तसं नव्हे. पुढच्या थांब्यावर कुणीतरी उतरायचं म्हणून मावायची. इथं नुसते चढतायत. यांचा थांबा कुठे आहे?"

कंडक्टरांचा डावा हात वर गेला आणि तिथेच राहिला. एवढ्या वर्षांच्या नोकरीचा हा अर्धा भाग त्यांच्या लक्षातच आला नव्हता. चढवलेले त्यांना आठवत होते. उतरणारे आपापले उतरून गेले होते.

"मग तुम्ही घ्या परत," त्यांनी पडेल आवाजात म्हटलं.

"फुकटही नको. सगळे मलाच आणून देतात. आणि मास्तर, नाल्यात किंवा तळ्यात सोडू नका हं. तिथल्या माशांच्या मुळावर येतात हे."

घरी आल्यावर त्यांनी आधी खाण्याचा छडा लावायचं ठरवलं. भंगारात निघालेल्या एका गाडीची घंटी त्यांनी आठवण म्हणून घरी आणली होती. ती टाकीच्या झाकणाला बांधली. नियम सोपा होता. जो दाणे टाकेल त्याने दोरी ओढायची. दिवसाला एकच घंटी. एक घंटी वाजली की गाडी थांबली, पुन्हा कुणी काही टाकायचं नाही.

त्यांनी सकाळी दोरी ओढली. टिंग. मी माझ्या घरात ऐकली. मग न्याहारीच्या सुमाराला पुन्हा टिंग. दुपारी आणखी एकदा टिंग, जरा हळू, चोरट्या हाताची. मला राहवलं नाही म्हणून गेलो, तर आक्का कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"मी तर रोजच टाकते. तुझ्या चिमटीत काय येतं? एवढ्या बाळंतिणी आहेत घरात!"

"आणि दुपारी कोण?"

वहिनी दोऱ्याचं रीळ शोधायला लागल्या. रीळ मशीनवरच होतं.

"अगं, तूसुद्धा? टाकी घालवायला निघालेली तू?"

"घालवायची म्हणून काय उपाशी ठेवायची?" वहिनी म्हणाल्या. मग रीळ हातात फिरवत, जरा खालच्या आवाजात, "मी मशीनवरून उठले की ते सगळे काचेशी धावत येतात. या घरात मी उठले म्हणून आजवर कोण जागचं हललंय?"

आक्कांनी विचारलं, "काय म्हणाली?" कंडक्टरांनी सांगितलं, "काही नाही. पाणी बदलू या म्हणाली." पण त्या दिवसापासून वहिनी मशीनवरून उठल्या की पलीकडे खुर्ची करकरायची आणि विचारणा व्हायची, "काय गं, काही हवंय? चहा टाकू?" पहिल्या दिवशी वहिनी दचकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहा प्यायला. साखर कमी होती असं मला सांगितलं, त्यांना नाही.

खाणं एका घंटीवर आलं. उरलेल्या कापडाचा एक लांबट तुकडा घेऊन वहिनींनी टाकीच्या खिडकीकडच्या अंगाला झडप शिवली. ऊन आलं की खाली सोडायची, ऊन सरलं की वर गुंडाळायची. "टाकीला फ्रॉक शिवला," आक्का म्हणाल्या. स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळायला लागले. पाणी थोडं निवळलं. पण अजून मासे मावतील त्याहून फार जास्त होते, आणि शाळा उघडायला आल्या होत्या.

न्यायला गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. अडचण कंडक्टरांची होती. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई बरणी घेऊन आल्या, तर यांनी त्यांची उलटतपासणी घेतली. टाकी कुठं ठेवणार? ऊन येतं का? मांजर आहे? बाई बरणी घेऊन परत गेल्या.

"मुलीचं लग्न ठरवताना एवढं विचारलं नव्हतं तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

"तिचा थांबा तिनेच सांगितला होता. यांना कुठं बोलता येतं?"

शेवटी सुटका केली ती त्यांच्या ड्रायव्हरने. कंडक्टर आणि हा ड्रायव्हर कित्येक वर्षं एकाच गाडीवर होते. एकाने ब्रेक मारायचा आणि दुसऱ्याने लोकांच्या शिव्या खायच्या, अशी भागीदारी. हे त्याला पायलट म्हणतात, तो यांना मास्तर. तो गुडघ्यांची तक्रार घेऊन जिना चढून आला, टाकीत बघितलं आणि म्हणाला, "मास्तर, ही तर आपली सकाळची पहिली गाडी!"

"टिंगल पुरे. जागा सुचव."

"आहे की. डेपोत गाड्या धुवायचा हौद. नवीन नळ्या आल्यापासून त्याला कुणी हात लावत नाही. पाणी साचून डास इतके झालेत की कारकून पंखा लावून शेकोटीभोवती बसावं तसे पंख्याभोवती बसतात. हे गप्पी डासांची पिल्लं खातात ना?"

"ऊन?"

"वर पत्र्याचं छप्पर आहे. अर्धं."

"नाल्याला जोडलाय?"

"बंद हौद आहे, मास्तर. तुम्हीच त्यात एकदा पडला होता."

कंडक्टरांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी कॉलरला उलटी घडी घालत होत्या. "माहेरीच जातायत," त्या म्हणाल्या. "सोडा आता."

मग त्यांनी जाळी घेतली आणि एकेकाला बादलीत उतरवायला सुरुवात केली. थोडे टाकीतच ठेवले. ते कोणते, हे त्यांनी कसं ठरवलं ते सांगितलं नाही. पण पासवालीसारखीच शेपटी असलेली एक पोरगी राहिली हे मी बघितलं. चेकर बादलीत मावेना. त्याची बदली दातवाल्यांकडे झाली. त्यांनी आशा सोडून स्वतःचीच भलीमोठी टाकी घेतली होती. गोगलगाईही सोबत गेल्या. पेशंट आता दातांपेक्षा त्यालाच घाबरतात म्हणे.

आम्ही बसने निघालो. कंडक्टरांच्या मांडीवर झाकणाची बादली, माझ्या मांडीवर डबा, पायलट पुढच्या सीटवर बसून नव्या ड्रायव्हरचे गिअर मोजत. त्या गाडीवरचा कंडक्टर तरुण होता. त्याने बादलीवर टिचकी मारली.

"मास्तर, लगेज लागेल."

"लगेज कसलं? जिवंत आहेत."

"मग तिकीट लागेल."

"अर्धी आहेत सगळी."

तो हसला आणि पुढे गेला. दोन थांब्यांनी गाडी गच्च भरली. माणसं दारात लोंबायला लागली. पुढच्या थांब्यावर आणखी एक घोळका उभा होता. तरुण कंडक्टर दारातून ओरडला, "मागून रिकामी गाडी येतेय, तिच्यात या!" आणि त्याने डबल बेल दिली. गाडी त्यांना सोडून निघाली.

आमच्या कंडक्टरांचं अंग ताठ झालं. हात वर गेला. ओठ उघडले. 'पुढे सरका' माझ्या कानाशी आलंच होतं. मग त्यांनी खाली बघितलं, बादलीच्या झाकणाच्या भोकातून. आत तोंडं वर येत होती.

तरुण कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला तेव्हा ते म्हणाले, "बरोबर केलंस."

त्याला वाटलं तिकिटाबद्दल आहे. पायलट मात्र मागे वळून यांच्याकडे बघतच राहिला.

डेपोत हौदाशी त्यांनी घाई केली नाही. बादली तशीच पाण्यात तरंगती ठेवली, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. आम्ही डास मारत उभे. मग त्यांनी बादली हळूच कलती केली.

"उतरा," ते म्हणाले. "ढकलाढकली नको. शेवटचा थांबा."

पहिला एक गेला. मग चार. मग सगळे, पावसात सुटलेल्या शाळेसारखे. एवढी जागा त्यांनी जन्मात बघितली नव्हती. काही जण सवयीने हौदाच्या एकाच कोपऱ्यात दाटी करून राहिले. मग त्यांच्याही लक्षात आलं.

"मास्तर," पायलट म्हणाला, "डबल द्या की."

कंडक्टरांनी बोटातली अंगठी बादलीच्या काठावर दोनदा आपटली. टिंग टिंग.

त्यानंतर मी माझ्या विजारीची आठवण करून द्यायला गेलो. शाळा उघडायला दोन-तीन दिवस राहिले होते आणि शिवणकोपऱ्यात गणवेशांचा ढीग माझ्या छातीपर्यंत आला होता. तळाशी कुठेतरी माझी विजार असणार.

"बसा जरा त्या स्टुलावर," वहिनी म्हणाल्या. "मला सुईत दोरा ओवून द्या. डोळे दमलेत."

मी त्यांच्या जागेवर बसलो. दोरा ओवायला सुई उजेडात धरली आणि टाकीतून पलीकडे नजर गेली. पाणी स्वच्छ होतं. अगदी पहिल्यासारखं झगझगीत नाही, खड्यांवर थोडी हिरवी लव राहू दिली होती. मोजकेच मासे, ऐसपैस वळत होते. पलीकडे घड्याळ दिसत होतं. घड्याळाखाली खुर्ची, खुर्चीत कंडक्टर, हातात वर्तमानपत्र, मान जरा पुढे आलेली. माशाने शेपटी हलवली की तेही किंचित हलायचे. इतकी वर्षं अंधारात घर सोडून अंधारात परतणारा माणूस त्या काचेत दिवसाढवळ्या, पुरेपूर बसलेला होता.

घड्याळाकडे मी पुन्हा बघितलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे.

"वहिनी, ते बंद आहे."

"हं."

"कधीपासून?"

"पाणी निवळलं तेव्हापासून बघतेय, काटा तिथंच आहे. त्या दुधट दिवसांत कधीतरी थांबलं असेल."

"मग सेल टाकायचा की. त्यांना सांगू का?"

"राहू द्या. आत्ताच बसलेत." वहिनींनी माझ्या हातातून सुई घेतली. "टाकू शाळा उघडल्यावर. किती वाजले ते माझ्या पाठीला कळतं."

मग त्या ढिगातून विजार काढायला उठल्या. मासे सगळे एकदम काचेशी आले. पलीकडे वर्तमानपत्र खाली गेलं, खुर्ची करकरली.

"काय गं, काही हवंय?"

"काही नको. बसा तिथंच. दिसतंय मला."

"काय दिसतंय?"

"घड्याळ," वहिनी म्हणाल्या.